कारणाचा रकाना

८ जून, सोमवार

ही डायरी काचेच्या कंपनीने दिलेली. दरवर्षी गिऱ्हाइकांना वाटायला गठ्ठा येतो. त्यातली ही बांधणीत वाकडी निघाली म्हणून घरी आली. जानेवारी ते मे कोरी आहे. ते महिने झालेच नाहीत असं समजून आजपासून सुरू करते.

चष्मा नाहीये. काल पडला. आमच्याच चष्म्याच्या दुकानात दुरुस्तीला आहे. माझा नंबर उणे अकरा. चष्मा काढला की जग चार बोटांवर येऊन थांबतं, त्यापलीकडे नुसते रंग. म्हणजे स्वयंपाक अंदाजाने, केर अंदाजाने, माणसं आवाजावरून. पण एक गंमत आहे. चार बोटांच्या आतलं अगदी लख्ख दिसतं. नाक कागदाला टेकवलं की लिहिता येतं. दुसरं काही जमत नाही तर हे करू, असं सकाळी मनात आलं.

काल दुपारी जेवायला क्लबचे अध्यक्ष आणि त्यांची बायको आली होती. हे सांगत होते, पुढच्या वर्षी आपल्या दुकानाला पन्नास वर्षं होतील. मी वाढता वाढता म्हणाले, "अहो, अठ्ठेचाळीस ना? पाटीवर साल आहे की." एवढंच. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी पक्क्या आहेत हं!" हे हसून म्हणाले, "आमची रोजच तपासणी असते घरी." सगळे हसले. मीही हसले. पाहुणे गेल्यावर चष्मा पडला. डाव्या कानामागे थोडं खरचटलं.

मला कळायला हवं होतं. दोन वर्षं इकडे की तिकडे, कुणाचं काय बिघडणार होतं?

डावी काडी निखळलीय. पाच मिनिटांचं काम. अशा शेकडो काड्या माझ्यासमोर बसल्यात. हे म्हणाले, गुरुवारी बघू. लोकांची कामं आधी, घरच्यांना घाई कशाची. तेही बरोबरच आहे.

२७ जून, शनिवार

मध्ये अठरा दिवस लिहिलंच नाही. चष्मा असला की कामं असतात.

खारूच्या शाळेतून चिठ्ठी आली, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून. आमची खारू नऊ वर्षांची. लहानपणी दोन्ही हातांत बिस्किट धरून कुरतडायची, तेव्हापासून खारू. तपासलं तर नंबर निघाला, उणे सव्वा. फार नाही. सव्वात रस्ता दिसतो, माणसं दिसतात, फक्त लांबची अक्षरं पुसट होतात.

ह्यांना फार लागलं ते. "आमच्याकडे कुणालाही चष्मा नाही. हे तू आणलंस या घरात." मला हसूच आलं. म्हटलं, "चष्म्याच्या दुकानदाराला चष्म्याचं एवढं काय?" हसायला नको होतं. माणूस मुलीच्या काळजीने बोलतो आणि आपण दात काढतो. यावेळी उजवी काच गेली. खारू शाळेत होती, ते एक बरं.

आणि तेच हे आज दुकानात खारूसमोर गुडघ्यावर बसले. स्वतः निवडलेली न मोडणारी फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, कानामागे बोट फिरवून विचारलं, "कुठे टोचतंय का गं, राणी?" पुन्हा काढली, गरम केली, वाकवली, पुन्हा लावली. चारदा. रांगेतल्या एक आजीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हात किती मऊ आहे हो या माणसाचा." खरंच मऊ आहे. लोक गावं ओलांडून ह्यांच्याकडे येतात ते त्यासाठीच. हे सगळं मला काउंटरवरच्यांनी सांगितलं. मला नुसता एक पांढरा आणि एक पिवळा ठिपका दिसत होता, जवळ जवळ.

खारूचं कार्ड मी केलं. आमच्या दुकानाची ती शिस्त आहे आणि ती ह्यांनीच घालून दिलीय. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड, त्यावर नंबर, फ्रेम आणि खाली दुरुस्त्या: तारीख, काय मोडलं, कारण. कारणाचा रकाना ह्यांनी मुद्दाम आखून घेतला. झोपेत दबला, बाळाने ओढला, पाण्यात पडला. कारण कळलं की पुढची फ्रेम कुठली द्यायची ते कळतं. खणातून एक स्क्रू जरी निघाला तरी तो कुठल्या तरी कार्डावर दिसला पाहिजे. माझ्या चष्म्याचे स्क्रू माझ्या कार्डावर दिसतात. मी कधी एक ओळ चुकवली नाही.

एका घरातली कार्डं एका रबराखाली ठेवतो. माझ्यामागे खारूचं ठेवलं. नाक टेकवून पाहिलं. किती पांढरं होतं ते! तसंच राहू दे. माझं मागणं एवढंच.

१६ जुलै, गुरुवार

आज माझ्यामुळे फार वाईट झालं.

गुरुवारी दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दुकानात तपासायला बसतात. एरवी त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. त्यांनी खारूचं कार्ड मागितलं. मी रबरासकट दोन्ही दिली. खारूचं पाहून झाल्यावर त्यांनी माझं उलटलं. मग पुन्हा पुढून पाहिलं.

"चौदा? अहो, दोन वर्षांत चौदा दुरुस्त्या? आणि कारण सगळीकडे एकच! तुम्ही चष्मा घालता की त्याचे झेल सोडता?"

समोर चार गिऱ्हाइकं होती. हे पटकन म्हणाले, "डॉक्टर, हिला आता साखळी लावून देणार आहे मी. गाईला लावतात तशी."

"नवराच चष्मेवाला म्हटल्यावर चैन आहे बाईंची," कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मीही हसले. चष्मा डोळ्यांवर होता म्हणून दिसलं, डॉक्टरीणबाई आधी हसत होत्या, मग थांबल्या. त्यांनी पुन्हा तारखा वाचल्या. एकेका तारखेवर त्यांचं बोट थांबत होतं.

घरी आल्यावर हे अगदी हळू बोलत होते.

"स्वतःचं कार्ड करायला तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांचं करतो ना आपण."

"तू गिऱ्हाईक आहेस?"

खरंच, मी कोण म्हणून ते कार्ड करत होते? कामाच्या नादात हातून होत गेलं. ह्यांनी कोरं कार्ड आणलं होतं. मला टेबलाशी बसवून एकेक सांगितलं, मी लिहिलं. दोन दुरुस्त्या. एकीचं कारण "जुनी फ्रेम", दुसरीचं "स्क्रू सैल". अक्षर चांगलं आलं. जुनं कार्ड फाडलं. मग ह्यांनी माझा चष्मा डोळ्यांवरून काढला, काड्या मिटल्या, मऊ फडक्याने काचा पुसल्या, चष्म्याच्या घरात ठेवला आणि ते घर कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. म्हणाले, "जरा विचार कर. विचार करायला डोळे लागत नाहीत."

आज काही पडलं नाही, फुटलं नाही. तशी सुटलेच मी. तरी का कोण जाणे, आजच जास्त भीती वाटतेय.

१९ जुलै, रविवार

चौथा दिवस. सकाळी दूध उतू गेलं, मला वासावरून कळलं. सासूबाई ओट्याशी आल्या, त्यांनीच पुसलं. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "कपाटात आहे का?"

"हो."

"तुझे सासरे साधे होते गं. त्यांना असलं काही काढून ठेवायचं सुचायचं नाही."

मी विचारलं, "मग काय करायचे?"

शेंगांची परात बाजूला सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मला या कानाने ऐकू येत नाही ना, ते काही म्हातारपणाने नाही."

मला वाटलं, त्या आणखी काही सांगतील. त्या एवढंच म्हणाल्या, "हा तेव्हा खारूएवढा होता. टेबलाखाली बसून बघायचा. मी म्हणायची, बाळ, जा, बाहेर खेळ." आणि उठून गेल्या.

एवढ्याशा मुलाने ते बघितलं. मला ह्यांची फार कीव आली आज. समजून घ्यायला हवं.

२ ऑगस्ट, रविवार

कसं लिहू. लिहितेच.

शनिवारी क्लबतर्फे ह्यांचा सत्कार आहे, शाळेतल्या मुलांना फुकट चष्मे दिले त्याबद्दल. अध्यक्षांच्या डोक्यातून निघालं की खारूने व्यासपीठावर चार वाक्यं बोलायची. "माझे बाबा" म्हणून. ह्यांनीच लिहून दिलीत. सकाळी टेबलाशी उजळणी चालली होती. मी मोरीत भांडी घासत होते. चष्मा शुक्रवारपासून कपाटात.

पहिलं वाक्य नीट झालं. दुसरंही. तिसरं होतं, "माझे बाबा कधीच रागावत नाहीत." खारू "माझे बाबा" म्हणाली आणि थांबली.

"पुढे?"

"माझे बाबा..."

"अगं, काल तर पाठ होतं! बोल."

"बोलते ना. माझे बाबा..."

तिला ते वाक्य माहीत होतं. पलीकडच्या खोलीत ती बाहुलीला शिकवत होती, तेव्हा मी ते दहादा ऐकलंय. ह्यांच्या समोर तिच्या तोंडून निघत नव्हतं.

मी वळले. पांढरा रंग उठला, पिवळ्या रंगाकडे गेला. मग टक् असा आवाज. फरशीवर फ्रेम आपटते तेव्हा येतो तो. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. सहा पावलांवर होते मी. सहा पावलं! आणि मला काहीच दिसलं नाही. मी पाहिलं असं म्हणता येणार नाही, पाहिलं नाही असंही म्हणता येणार नाही.

"काही नाही झालं आई," खारू घाईघाईने म्हणाली. मी काही विचारायच्या आत.

हे म्हणाले, "रडायचं काय त्यात? बाबा नवीन करून देतील." तिचा चष्मा उचलला, सत्काराची पत्रिका बघायला बाहेर गेले.

मी तिला मांडीवर घेतलं. चेहरा तिच्या चेहऱ्याला लावला, अगदी चार बोटांवर. सगळं लख्ख दिसलं. पापणीवरचं पाणी, नाकावर फ्रेमने उठलेली रेघ, कानापुढे गालावर आलेली सूज आणि तिच्यात बोटांच्या तीन रेषा. एवढं स्पष्ट मी आजवर काही पाहिलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या गालाशी मी कधी चार बोटांवर जाऊ शकले नाही.

"आई," ती म्हणाली, "उद्या कार्डावर 'पडला' असं लिही हं. तुझ्या जुन्या कार्डावर असायचं तसं. म्हणजे बाबा चिडणार नाहीत."

माझं कार्ड तिने कधी वाचलं? मी तिला काय शिकवत होते, दोन वर्षं, माझ्या सुंदर अक्षरात?

६ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवारी गिऱ्हाइकं असतात, म्हणून सकाळी चष्मा मिळाला. संध्याकाळी परत द्यायचा असतो. आता दिलाय, म्हणून लिहितेय. हे वाक्य लिहून मी थांबले आणि मागची पानं चाळली. प्रत्येक पान मी चष्मा नसताना लिहिलंय. इतके दिवस मला ते दिसलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. ह्यांच्यासमोर म्हणाल्या, "वहिनींचा नंबर तपासायचा राहिलाय ना वर्षभर? येऊ द्या आत." हे म्हणाले, "हो हो, बघा की!" पण दाराशी उभे राहिले. बाई म्हणाल्या, "अहो, उजेड येतोय. दार लावा." ते लागलं.

काळोखात त्यांनी माझ्या डोळ्यांवर लोखंडी फ्रेम चढवली आणि काचा बदलायला लागल्या. मोठ्याने म्हणायच्या, "पहिलं चांगलं की दुसरं?" आणि मध्येच कानाशी, "कार्ड नवीन आहे."

"हो."

"दुसरं की तिसरं? मघाशी काउंटरपाशी खारूचा गाल बघितला मी."

मी म्हणाले, "दुसरं."

"घरी तुमचा एकच चष्मा आहे? दुसरा कधी केलाच नाही?"

चष्म्याच्या दुकानात सोळा वर्षं वावरतेय मी. मागच्या भिंतीला चारशे फ्रेमा टांगल्यात. मी म्हणाले, "एकालाच जपायला शिक, असं म्हणतात हे."

त्यांनी आणखी एक काच बदलली. मग खालची ओळ वाचायला सांगितली. मी वाचली. मग कानाशी म्हणाल्या, "शनिवारी माझी ऑपरेशनं असतात. तीनपर्यंत हॉस्पिटलातच असते मी. खारूला घेऊन या. पुढचं माझ्यावर सोडा, कुठे ठेवायचं, कुणाला कळवायचं, सगळं. पण या. मला इथे येऊन तुम्हाला नेता येणार नाही."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणतायत डोळे?"

बाई म्हणाल्या, "आहेत तेवढेच."

शनिवारी सत्कार आहे. पुढच्या रांगेत मला बसायचंय. कशी जाणार मी?

८ ऑगस्ट, शनिवार

डायरी सोबत आणलीय, हॉस्पिटलातल्या बाकावर बसून लिहितेय. डॉक्टरीणबाई अजून ऑपरेशनला आत आहेत.

सकाळी हे लवकर बाहेर पडले. हॉलची व्यवस्था, हार, माइक. जाताना म्हणाले, "चार वाजता गाडी येईल. दोघींचे चष्मे गाडीतच मिळतील, उतरताना लावा." खारूचा नवा चष्मा तयार आहे, तोही त्यांच्याच खिशात. "फोटोत दोघी हसऱ्या दिसल्या पाहिजेत."

दीड वाजेपर्यंत मी नुसती बसून होते. मला घरातल्या घरात दार सापडायला भिंत चाचपावी लागते. रस्ता कसा ओलांडणार? आणि गेले तरी कुणाला काय सांगणार? सारं गाव संध्याकाळी त्यांना हार घालणार. मग पलीकडच्या खोलीतून खारूचा आवाज आला. "माझे बाबा कधीच रागावत नाहीत." न अडखळता. एकदा, दोनदा, तीनदा. आता छान जमत होतं तिला.

मी उठले. तिला म्हटलं, "चपला घाल. मला रस्ता सांगशील?"

दाराशी सासूबाई होत्या. "कुठे?"

"खारूचे डोळे दाखवायला."

"आज?" त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मग त्यांनी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. खारूचा स्वेटर होता. ऑगस्टमध्ये स्वेटर. म्हणाल्या, "मी आता तासभर पडते. मला कुणी येतं-जातं ते ऐकू येत नाही." आणि बाजूला झाल्या.

"तीन पायऱ्या," खारू म्हणाली. "आता दोनच. झाल्या. डावीकडे कुत्रं आहे, झोपलंय. आता खड्डा, थोडा मोठा पाय टाक. थांब, लाल गाडी. जाऊ दे तिला. आता चल." इतकं नेमकं सांगत होती की मी एकदाही ठेचकाळले नाही. मी विचारलं, "तुला कसं गं कळतं, काय काय सांगायचं ते?"

"मी रोज सांगते ना. तुझा चष्मा नसतो तेव्हा. फक्त मनात."

मी रस्त्यातच थांबले. तिने हात ओढला, "आई, इथे नको थांबूस, सायकल येतेय."

हॉस्पिटलात गर्दी होती. काउंटरवरच्या बाईंनी लांबूनच ओळखलं. "अहो वहिनी! तुम्ही इकडे? आज तर दादांचा सत्कार! आम्ही सगळ्या येणार आहोत. अगंबाई, चष्मा कुठाय तुमचा? आणि हिचाही नाही? असं कसं चालत आलात? थांबा, दादांना फोन लावते, पाच मिनिटांत गाडी पाठवतील. एवढ्या गडबडीत असले तरी लगेच येतील बघा. देवमाणूस."

"नको," मी म्हणाले. "डॉक्टरांना भेटायचंय."

"त्यांना अजून अर्धा तास आहे. तुम्ही संकोच नका हो करू." बटणं दाबल्याचा आवाज आला. मग पलीकडे रिंग वाजायला लागली, मलाही ऐकू येत होती.

बाकांवर माणसं होती. खोकले ऐकू येत होते, वर्तमानपत्र उलटल्याचा आवाज. यांतल्या निम्म्यांचे चष्मे ह्यांनी आपल्या हातांनी कानामागे बसवले असतील. यांच्यासमोर काय बोलू? खारूचा हात माझ्या हातात होता. ती वाट बघत होती. मी कुठलं कारण सांगते त्याची. तेच तिलाही सांगायचं होतं.

"फोन लावू नका," मी म्हणाले. आवाज मोठा आला. "ते मारतात. मला मारतात. आता हिलाही मारलं."

वर्तमानपत्राचा आवाज थांबला. काउंटरपलीकडे निळा रंग होता, तो हलला नाही. रिंग वाजतच होती. त्या बाईंच्या चेहऱ्यावर काय होतं, त्यांनी विश्वास ठेवला की माझं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं, मला काही कळेना. मी नुसती त्या निळ्या रंगाकडे तोंड करून उभी होते.

मग रिंग थांबली. ह्यांनी उचलला की काय?

खारूने माझा हात खाली ओढला. मी वाकले.

"आई," ती म्हणाली, "त्यांनी फोन खाली ठेवलाय. आता उठल्यात. बाहेरचं दार आतून लावून घेतायत."